दावोसला विचारतात. आपल्याला कधी विचारणार?

मे 2022 मध्ये आपल्या राज्याचं शिष्टमंडळ स्वित्झर्लंडमधल्या दावोसला जाऊन आलं. तेव्हाचे उद्योगमंत्री सुभाष देसाई, ऊर्जामंत्री नितीन राऊत आणि पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे. वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमची परिषद 22 ते 26 मे, म्हणजे पाच दिवसांची. एरवी ती जानेवारीत, गुडघाभर बर्फात भरते. त्या वर्षी ओमायक्रॉनमुळे पुढे ढकलली गेली आणि ऐन वसंतात भरली. तिथून बातमी आली, 23 कंपन्यांशी सुमारे 30 हजार कोटींचे सामंजस्य करार. महिन्याभरात इकडे सरकार बदललं.

नंतर आलेल्या सरकारनेही दावोस सोडलं नाही. जानेवारी 2025 मध्ये आकडा 15 लाख कोटींच्या वर गेला. आघाडी असो की युती, दावोसची वारी चुकत नाही. मग दोन्ही बाजूंचे लोक फेसबुकवर भांडतात, यांचे किती कोटी, त्यांचे किती कोटी, त्यातले खरे किती आणि कागदावरचे किती.

मला त्या भांडणात पडायचं नाही. मी मुरब्याचा. आमच्या गावासमोर बंदर करायचा प्रस्ताव आहे, वर वाढवणला देशातलं सगळ्यात मोठं म्हणवलं जाणारं बंदर येतंय, बाजूला तारापूर आहे. त्यामुळे ‘गुंतवणूक’ हा शब्द आमच्याकडे पेपरात कमी आणि दारात जास्त असतो. म्हणून मी वेगळाच प्रश्न घेऊन वाचायला बसलो. हे दावोस नावाचं गाव स्वतः कसं घडलं? आणि तिथे काय यावं, काय येऊ नये, हे कोण ठरवतं?

जे सापडलं ते सांगतो. जरा लांबेल, पण वाचा.

*डोंगरातलं गरीब गाव*

दावोस समुद्रसपाटीपासून सुमारे 1,560 मीटरवर आहे. म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही वर. तेराव्या शतकात वालिस भागातून आलेल्या लोकांनी ही दरी वसवली. गुरं पाळायची, गवत कापायचं, चीज करायचं आणि सहा महिने बर्फात काढायचे. शेती अशी फार पिकत नव्हती. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. 1436 साली आसपासच्या दहा न्यायप्रांतांनी एकत्र येऊन आपला संघ केला, तो दावोसलाच. राजा नाही, सरदार नाही, आपलं आपण ठरवायचं ही सवय तिथे जवळपास 600 वर्षांची आहे.

1853 मध्ये अलेक्झांडर श्पेंगलर नावाचा तरुण जर्मन डॉक्टर तिथे नोकरीला आला. 1848-49 च्या क्रांतीत भाग घेतला म्हणून मायदेशातून पळालेला माणूस. त्याच्या लक्षात आलं की इथल्या लोकांना क्षय जवळपास होतच नाही. तेव्हा युरोपात क्षयाने घरंच्या घरं रिकामी होत होती आणि औषध नव्हतं. फेब्रुवारी 1865 मध्ये दोन आजारी माणसं ऐन थंडीत तिथे राहायला आली. हिवाळ्यात डोंगरात जाणं म्हणजे मरायला जाणं, असं समजायचा तो काळ. पण त्यांना बरं वाटलं. बातमी पसरली.

मग विलेम यान होल्सबूर हा डच माणूस आला, आपल्या आजारी बायकोला घेऊन. त्याने श्पेंगलरबरोबर उपचारगृह उभं केलं, पुढे रेल्वेसाठी खटपट केली. 1890 मध्ये गाडी दावोसला पोचली. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने ‘ट्रेझर आयलंड’ तिथेच पूर्ण केलं, तोही फुफ्फुसाच्या दुखण्यासाठीच गेला होता. गावभर सॅनेटोरियम झाली. दक्षिणेकडे तोंड केलेल्या लांब गॅलऱ्या, त्यात ओळीने आरामखुर्च्या, त्यांवर ब्लँकेट गुंडाळून पडलेली माणसं. औषध काय, तर हवा, ऊन, विश्रांती आणि भरपूर दूध.

ही कल्पना आपल्याकडेही आली होती. पाचगणीला डॉ. बिलिमोरियांनी 1912 मध्ये बेल-एअर सॅनेटोरियम काढलं ते याच समजुतीवर, की डोंगरातली हवा क्षयाला उतार देते.

*तीन आठवड्यांसाठी गेलेला माणूस*

त्याच 1912 सालची गोष्ट. जर्मन लेखक थॉमस मान याची बायको कात्या दावोसच्या सॅनेटोरियममध्ये होती. तो तिला भेटायला मे-जूनमध्ये तीनेक आठवड्यांसाठी गेला. तोही वसंतच. तिथे त्याला थोडी सर्दी झाली, डॉक्टरांनी छाती ठोकून पाहिली आणि सांगितलं, तुमच्याही फुफ्फुसात डाग आहे, सहा महिने राहा. मान राहिला नाही, घरी परतला. पण त्या छोट्या मुक्कामातून ‘द मॅजिक माउंटन’ ही कादंबरी झाली, 1924 मध्ये छापली गेली. तिचा नायक भावाला भेटायला तीन आठवड्यांसाठी दावोसला जातो आणि सात वर्षं तिथे राहतो.

आपल्या मंत्र्यांचे दौरे वाचताना मला ही कादंबरी आठवते. जाणारा चार-पाच दिवसांसाठी जातो. सही पाच मिनिटांत होते. पण त्या सहीतून खरंच काही उभं राहिलं, तर ते ज्याच्या गावात उभं राहणार त्याचा मुक्काम पाच दिवसांचा नसतो. त्याला आणि त्याच्या नातवंडांना तिथेच राहायचं असतं.

*धंदा बुडाला, गाव उरलं*

1943 मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडलं. पुढच्या काही वर्षांत क्षय गोळ्या-इंजेक्शनांनी बरा व्हायला लागला. जगासाठी मोठी आनंदाची गोष्ट, पण दावोसचा सगळा व्यवसाय त्यावरच उभा. सॅनेटोरियम रिकामी पडली. काही बंद झाली, काहींची हॉटेलं झाली.

गाव तरलं, कारण दुसरा पाय आधीच टाकून ठेवला होता. बर्फातले खेळ. आजारी माणसांबरोबर येणारी धडधाकट माणसं वेळ घालवायला घसरगाडी आणि स्की करायची. शेरलॉक होम्सचा लेखक कॉनन डॉयलनेही 1894 मध्ये तिथे स्कीवरून डोंगर ओलांडला होता. 1934 मध्ये स्की करणाऱ्यांना दोरीने वर ओढून नेणारी लिफ्ट सुरू झाली. विद्वानांच्या सभाही जुन्याच. आजारी विद्यार्थ्यांचं शिक्षण बुडू नये म्हणून 1928 च्या वसंतात तिथे विद्यापीठाच्या धर्तीवर वर्ग सुरू केले, त्यांचं पहिलं व्याख्यान आइन्स्टाइनचं होतं. 1969 मध्ये परिषदांसाठी मोठं सभागृह बांधलं. 1971 च्या हिवाळ्यात क्लाउस श्वाब या प्राध्यापकाने त्या सभागृहात युरोपातल्या कंपन्यांच्या अधिकाऱ्यांची बैठक भरवली. 1987 मध्ये तिचं नाव वर्ल्ड इकॉनॉमिक फोरम झालं. आज आपण ‘दावोस’ म्हणतो तेव्हा ते हेच.

म्हणजे गुरं, मग क्षयरोगी, मग स्की, मग परिषदा. दीडशे वर्षांत गावाचं पोट तीन वेळा बदललं. बदलाला घाबरणारं गाव नाही हे. आमच्याकडे कुणी विरोध केला की लगेच ‘यांना विकास नको’ म्हणतात, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

*मत माणसांसाठी आणि मत कामासाठी*

आता मुद्द्याकडे येतो.

दावोस ज्या ग्राउब्युंडेन प्रांतात आहे, त्या प्रांतात 1900 ते 1925 अशी पंचवीस वर्षं मोटारगाड्यांना बंदी होती. चेष्टा नाही. घोडागाडीवाल्यांचा धंदा, अरुंद रस्ते, धूळ, गुरं बिथरणं अशी कारणं होती. हॉटेलवाल्यांना मोटारी हव्या होत्या, पाहुणे वाढले असते. लोकांना नको होत्या. पुन्हा पुन्हा मतदान घेतलं आणि लोक पुन्हा पुन्हा ‘नको’ म्हणाले. 1925 मध्ये अखेर ‘हो’ म्हणाले आणि मोटारी आल्या. तोवर सरकारने पोलीस आणून मोटारी घुसवल्या नाहीत.

2013 मध्ये 2022 च्या हिवाळी ऑलिम्पिकसाठी दावोस आणि सेंट मॉरिट्झचा प्रस्ताव होता. मोठमोठे लोक बाजूने. 3 मार्चला मतदान झालं आणि सुमारे 53 टक्के लोकांनी नाही म्हटलं. प्रस्ताव तिथेच संपला. ते ऑलिम्पिक पुढे बीजिंगला झालं. 2026 च्या ऑलिम्पिकसाठी पुन्हा विचारलं, फेब्रुवारी 2017 मध्ये, तेव्हा 60 टक्के नाही म्हणाले. पुन्हा संपलं.

ज्या परिषदेला आपले मंत्री जातात, तिच्या सुरक्षेच्या खर्चातला गावाचा वाटा द्यायचा की नाही, यावरही दावोसच्या मतदारांनी मतदान केलंय. त्यांनी तो मंजूर केला. हॉटेलं भरतात, घरं भाड्याने जातात, पैसा येतो, म्हणून लोकांनी हो म्हटलं. पण आधी विचारलं, मग त्यांनी हो म्हटलं, हा क्रम महत्त्वाचा.

आणि विचारतात म्हणजे नुसतं ‘हो की नाही’ विचारत नाहीत. देशपातळीवरच्या मतदानाआधी प्रत्येक मतदाराच्या घरी छापील पुस्तिका येते. प्रश्न काय आहे, सरकारचं म्हणणं काय, विरोध करणाऱ्यांचं काय, दोन्ही बाजू त्यात असतात. सरकारच्या खर्चाने विरोधकांची बाजू छापून घरोघरी पोचवतात. आपल्याकडे याची कल्पना करून पाहा.

तिथे सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. परिषदेच्या आठवड्यात घरभाडं आभाळाला भिडतं आणि हजारो सैनिक तैनात होतात. 2013 मध्ये खुद्द दावोस आणि सेंट मॉरिट्झने हो म्हटलं होतं, पण बाकी प्रांताने नाही म्हटलं, म्हणजे तिथेही छोट्याचं मत मोठ्या बेरजेत बुडू शकतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, स्वित्झर्लंडच्या बायकांना देशपातळीवर मताचा अधिकार मिळाला 7 फेब्रुवारी 1971 च्या मतदानाने. श्वाबची पहिली बैठक भरली त्याच हिवाळ्यात! तोवर ‘गावाला विचारलं’ म्हणजे गावातल्या पुरुषांना विचारलं.

आमच्या किनाऱ्यावरच्या आजीने 1952 मध्ये मत दिलं होतं. मासळीची टोपली उतरवून रांगेत उभी राहिली असेल. या बाबतीत आपण त्यांच्या एकोणीस वर्षं पुढे होतो. फरक असा, की आपल्याला मत आहे ते माणूस निवडायला. काम निवडायला नाही.

*आता आपला किनारा*

आपल्याकडचा क्रम बघा.

1963 मध्ये भारत आणि अमेरिका यांच्यात तारापूरचा करार झाला. 1969 मध्ये देशातलं पहिलं अणुवीज केंद्र इथे सुरू झालं. पुढे 2005-06 मध्ये 3 आणि 4 क्रमांकाच्या अणुभट्ट्या सुरू झाल्या, त्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. पुनर्वसनासाठी लोकांना कोर्टात जावं लागलं. देशाला वीज हवी होती, मान्य. पण या गावांना ‘हवं का?’ असं कुणी विचारलं नव्हतं. ‘द्यायचं आहे’ असं सांगितलं होतं.

बाजूला तारापूर एमआयडीसी झाली. रोजगार मिळाला, हेही खरं, आमच्याकडची किती घरं त्यावर चालतात. पण सांडपाणी गेलं कुठे? नवापूर-दांडीची खाडी आणि खारेकुरण-मुरब्याची खाडी यांच्या प्रदूषणाबद्दल अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने 2016 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. जानेवारी 2022 मध्ये लवादाने शंभरच्या वर कारखान्यांना आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्राला जबाबदार धरून भरपाई भरायला सांगितली. तारीख पुन्हा वाचा. जानेवारी 2022. त्यानंतर चारच महिन्यांनी ते वसंतातलं शिष्टमंडळ दावोसला गेलं. नवी गुंतवणूक आणायला गेलेल्यांच्या बॅगेत जुन्या गुंतवणुकीचा हा हिशेबही असायला हवा होता.

वाढवणचं तर सगळ्यांना माहीत आहे. 20 जून 1991 ला केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला. 1996 मध्ये न्या. चंद्रशेखर धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं. त्या प्राधिकरणाने 1998 मध्ये एका परदेशी कंपनीच्या बंदराला नकार दिला. लोकांना वाटलं, विषय संपला. संपला नव्हता. जुलै 2023 मध्ये त्याच प्राधिकरणाकडून ना हरकत मिळाली, जून 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 76,220 कोटींच्या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि 30 ऑगस्ट 2024 ला पंतप्रधानांनी पालघरला भूमिपूजन केलं. ग्राउब्युंडेनमध्ये लोकांनी नाही म्हटलं की पुन्हा लोकांनाच विचारतात. इथे ‘नाही’चं ‘हो’ झालं, पण मधल्या पंचवीस वर्षांत मतपेटी कुठेच आली नाही.

आणि आता मुरबे. खाडीच्या पलीकडे सातपाटी, अलीकडे आम्ही. डहाणू ते सातपाटी हा पट्टा पापलेटच्या पैदाशीचा, मच्छीमार याला गोल्डन बेल्ट म्हणतात. 2023 मध्ये सरकारनेच पापलेट म्हणजे सरंग्याला राज्यमासा जाहीर केलं. 2021 च्या ऑगस्टमध्ये मुरब्याच्या एका बोटीला दीडशेवर घोळ मिळाली, ती बातमी देशभर गाजली होती. समुद्रात कधी उतरायचं नाही, हे आमच्याकडे 1981 च्या मासेमारी कायद्याच्या आधीपासून ठरलेलं आहे. नारळी पौर्णिमेआधी बोट पाण्यात घालायची नाही. 2022 च्या मे अखेरीला दावोसला सह्या होत होत्या, तेव्हा इथे 1 जूनच्या बंदीआधी बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारायची घाई होती. माशाला अंडी घालायला वेळ द्यावा, एवढं शहाणपण ज्या लोकांकडे आहे, त्यांना आपल्या समुद्राबद्दल एक प्रश्न विचारायला काय हरकत आहे?

*जनसुनावणी म्हणजे विचारणं नव्हे*

कुणी म्हणेल, जनसुनावणी असते की. असते. 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे किमान 30 दिवस आधी नोटीस द्यायची, अहवालाचा सारांश मराठीत द्यायचा, प्रकल्पाजवळ मंडप घालून लोकांचं म्हणणं लिहून घ्यायचं. पण तिथे मतदान होत नाही. अधिसूचनेनेच कोरमची अट ठेवलेली नाही, दहा माणसं आली काय आणि दहा हजार आली काय. म्हणणं नोंदवलं जातं, दिल्लीच्या तज्ज्ञ समितीकडे जातं. ग्रामसभेचा ठरावही बंदरासारख्या कामात सरकारवर बंधनकारक नसतो. ऐकून घेणं आणि विचारणं यात हाच फरक आहे.

हे फक्त स्वित्झर्लंडमध्ये जमतं असंही नाही. आपल्याच रायगडमध्ये 21 सप्टेंबर 2008 ला महामुंबई सेझसाठी पेण तालुक्यातल्या 22 गावांत जिल्हा प्रशासनाने शेतकऱ्यांचं मत घेतलं. जमीन द्यायची की नाही? निकाल लगेच जाहीर केला नाही, पण कौल विरोधात होता हे सगळ्यांना कळलं. तो सेझ पुढे झाला नाही. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातल्या नियमगिरीच्या खाणीचा प्रश्न ग्रामसभांवर सोपवला, बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला आणि खाण थांबली. म्हणजे मनात आणलं तर कलेक्टरलाही जमतं आणि कोर्टालाही जमतं.

मला माहीत आहे, मत घेतलं तर आमच्या गावातही सगळे एका बाजूला नसतील. मासळी कमी होतेय. डिझेल परवडत नाही. पोरं शिकलीत, त्यांना जाळं नको, पगार हवा. कुणी बंदराला हो म्हणेल, आणि त्याला तो हक्क आहे. शेजारच्या गावाचं मत वेगळं पडेल. मोजल्यावर मला न आवडणारा निकाल लागला तरी तो मला मान्य करावा लागेल. पण मोजा तर खरं!

म्हणून मागणी साधी आहे, आणि ती कुठल्या एका पक्षाकडे नाही.

पुढच्या वेळी जे कुणी दावोसला जातील, त्यांनी परिषदेच्या सभागृहातून अर्धा तास बाहेर पडावं आणि तिथल्या गावच्या कचेरीत जाऊन विचारावं, की तुमच्याकडे मोठं काम येतं तेव्हा तुम्ही लोकांना कसं विचारता? पुस्तिका कशी छापता? विरोधकांची बाजू कोण लिहितं? ते सगळं लिहून आणावं.

मग मुंबईत उतरल्यावर करारांच्या यादीबरोबर तोही कागद पत्रकारांना द्यावा. आणि किनाऱ्यावरच्या कुठल्याही मोठ्या प्रकल्पाआधी बाधित गावांत दोन्ही बाजूंची मराठी पुस्तिका घरोघरी द्यावी, गुप्त मतदान घ्यावं, त्याच दिवशी गावातच निकाल वाचून दाखवावा. सुरुवात हवी तर मुरब्यापासून करा. आमच्याकडे मतदान केंद्र आहे, यादी आहे, शाई आहे. लोकसभेला वापरतोच की.

पटलं तर आपापल्या गावच्या ग्रुपवर पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, वाचतो मी सगळं.